पुण्याचा खेळ व आमच्या मुली

पुण्याहून नाशिकच्या वाटेनें निघून खेडचा घाट चढून गेलें कीं पेठ हें गांव लागतें. तालुका आंबेगांव, पुढें मंचर, आणि त्याच्याही पुढें जुन्नरचा मुलूख सुरू होतो. सातगांव पठाराचा हा भाग बटाट्याविषयीं प्रसिद्ध आहे. खेळांविषयीं म्हणाल तर कुस्ती, कबड्डी आणि बैलगाड्यांच्या शर्यती यांपलीकडे येथें फारसें कोणी बोलत नाहीं. कांहीं दिवसांपूर्वीं एका संध्याकाळीं आम्ही ह्या गांवीं उतरलों असतां, एका घराच्या अंगणांत दोन मेढींना दोरी बांधून दोन मुली बॅडमिंटन खेळतांना आमच्या दृष्टीस पडल्या. खेळ बरा चालला होता. पण पठारावरचा वारा मध्येंच उठे आणि फूल उचलून थेट गोठ्याच्या पत्र्यावर नेऊन टाकी. मग एकीनें शिडी लावावयाची आणि दुसरीनें खालून दिशा सांगावयाची. ओट्यावर बसलेले त्यांचे आजोबा आम्हांस म्हणाले, "पाव्हणं, पोरी खेळत्यात चांगल्या. पन ह्येच्यात फुडं काय?"

प्रश्न साधा होता, आणि त्याचें उत्तर आम्हांस त्या ओट्यावर देतां आलें नाहीं. परतल्यावर जों जों विचार करूं लागलों तों तों असें दिसूं लागलें कीं, हाच प्रश्न महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांतून गेलीं ऐंशी वर्षें तरी विचारला जात आहे, आणि दर पिढीस त्याचें उत्तर निराळें मिळालेलें आहे. मुलगी रॅकेट हातीं धरते ती कौतुकाची गोष्ट. पण त्यावर तिनें आयुष्याची मांडणी करावी, म्हणजे खेळ हाच तिचा पेशा व्हावा, ही गोष्ट वेगळी. पहिली आमच्या प्रांतांत फार लवकर घडली. दुसरी फार उशिरां घडली. या दोहोंमधील अंतर कशानें भरून निघालें, आणि तें भरून निघेपर्यंत कोणी काय गमावलें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

बॅडमिंटन हें नांव इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या वाड्यावरून पडलें, हें सर्वश्रुत आहे. त्या मानानें कमी लोकांस ठाऊक असलेली गोष्ट अशी कीं, या खेळाचें दुसरें एक जुनें नांव 'पूना' असें होतें. इ. स. १८७० च्या मागेंपुढें पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, आणि त्याचे प्रारंभींचे नियम पुण्यास बांधले गेले असें या खेळाचे इतिहासकार सांगतात. रजेवर स्वदेशीं गेलेल्या अधिकाऱ्यांनीं तो तिकडे नेला. एवढ्यावरून हा खेळ पुणेकरांनीं जगास दिला असें छातीठोकपणें सांगणारे आमचे कांहीं मित्र आहेत; त्यांच्या उत्साहास थोडा आवर घातला पाहिजे. पिसांचें फूल फळीनें उडविण्याचा खेळ युरोपांत व आशियांत फार जुना आहे. छावणींत त्याच्या मध्यें जाळें आलें आणि गुण मोजले जाऊं लागले, इतकेंच. आणि त्या वेळीं तो खेळ साहेबलोकांचा होता, शनिवार-सदाशिव पेठांचा नव्हता.

तथापि त्या साहेबी खेळांत एक गोष्ट अशी होती कीं जिचें महत्त्व पुढें आम्हांस कळावयाचें होतें. तो बायकापुरुषांनीं मिळून खेळण्याचा खेळ होता. इंग्लंडांत या खेळाची मध्यवर्ती संस्था १८९३ सालीं स्थापन झाली आणि १८९९ सालीं 'ऑल इंग्लंड' या नांवानें आजतागायत प्रसिद्ध असलेली स्पर्धा सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीं तींत एकेरी सामने नव्हतेच. पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी व मिश्र दुहेरी असे तीनच प्रकार होते. तीन वर्षांपूर्वीं, म्हणजे १८९६ सालीं, अथेन्स येथें जें नवें ऑलिंपिक भरलें त्यांत एकाही स्त्रीस भाग घेतां आला नव्हता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें महत्त्व कळून येईल. दुसऱ्या खेळांत स्त्रियांस दार ठोठावून आंत यावें लागलें; येथें त्या पहिल्यापासून घरांतच होत्या.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पेठच्या त्या दोन मुलींस जी अडचण पडली तीच छावणींतील मड्डमांस पडली असली पाहिजे. फुलाचें वजन तें किती! सोळा पिसें आणि बुचाचें बूड मिळून जेमतेम पांच ग्रॅम. तंजावरकडे यावर तोड म्हणून लोकरीचा चेंडू आला, आणि त्यांतून बॉल बॅडमिंटन हा दक्षिणेंतील लोकप्रिय खेळ निघाला. बाकीच्यांनीं फूल सोडलें नाहीं, त्याऐवजीं डोक्यावर छप्पर घातलें. चव्वेचाळीस फूट लांब व वीस फूट रुंद एवढीच जागा. पण ती बंदिस्त, उंच छताची आणि नीट उजेडाची हवी. येथें या खेळाच्या इतिहासानें एक वळण घेतलें. ज्या खेळास अंगण पुरत होतें त्यास जिमखाना लागूं लागला, आणि जिमखाना म्हटला कीं सभासदत्व, वर्गणी आणि शहर हीं ओघानेंच आलीं. आमच्या प्रांतांतील स्त्रियांचें बॅडमिंटन पुण्यामुंबईच्या बाहेर फार काळ पडूं शकलें नाहीं याचें मूळ आम्हांस लोकांच्या जुन्या समजुतींपेक्षां या छपरांत अधिक दिसतें.

समजुतींविषयीं बोलावयाचें तर पुण्यामुंबईच्या कांहीं घरांनीं त्या बऱ्याच अगोदर बाजूस सारल्या होत्या. हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ ची आणि कर्व्यांचें महिला विद्यापीठ १९१६ चें. पण पुस्तकासाठीं मुलीस घराबाहेर पाठविणें निराळें आणि चारचौघांसमोर धांवण्यासाठीं पाठविणें निराळें. ही दुसरी पायरी जीं घरें चढलीं त्यांतील दोन घरांची नोंद येथें केली पाहिजे, आणि नवलाची गोष्ट अशी कीं दोन्ही घरें संस्कृतज्ञांचीं होतीं. पहिलें घर मुंबईचें. वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या व स्वतः संस्कृत कवयित्री असलेल्या पंडिता क्षमाबाई राव ह्या टेनिस खेळत, आणि त्यांची कन्या लीला हिनें १९३४ सालीं विंबल्डनच्या हिरवळीवर सामना जिंकला. तेथें सामना जिंकणारी ती पहिली हिंदी स्त्री. टेनिस हा आपला प्रस्तुत विषय नसला तरी रॅकेट हातीं घेतलेली मुलगी समुद्रापलीकडे जाऊं शकते हें या प्रांतास प्रथम दिसलें तें तिच्यामुळें.

दुसरें घर पुण्याचें, आणि आमच्या विषयाचें खरें मूळ तेंच होय. सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकविणारे प्रो. दिनकर बळवंत देवधर यांचें नांव न ऐकलेला मराठी वाचक विरळा. १९२६ सालीं पाहुण्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं काढलेल्या १४८ धावा, १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें जिंकलेला रणजी करंडक, आणि बावन्नाव्या वर्षीं एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत झळकविलेलीं शतकें, हीं सारीं क्रिकेटशौकीन मंडळींच्या ओठांवर असतात. १८९२ सालीं जन्मलेला हा पुरुष १९९३ सालीं एकशें एकाव्या वर्षीं निवर्तला. पण ज्या दशकांत महाराष्ट्राचा संघ करंडक घरीं आणीत होता त्याच दशकांत प्रोफेसरसाहेबांच्या तारा, सुंदर व सुमन ह्या तीन कन्या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धांतून विजेतेपदें घरीं आणीत होत्या, ही गोष्ट त्याच शौकीन मंडळींस सांगितली तर त्यांतील निम्मे आश्चर्यानें पाहूं लागतात. आम्हीं ही परीक्षा एकदां सोडून तीनदां करून पाहिली आहे.

या तिघी बहिणींच्या काळाचें चित्र नीट डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. बॅडमिंटनची अखिल भारतीय संस्था १९३४ सालीं कलकत्त्यास स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय संस्थाही त्याच सालची. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा ही वस्तुच मुळीं नवी, आणि तिच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच पुण्याच्या एका प्राध्यापकाच्या मुलींनीं तिच्यावर आपल्या घराण्याची मोहोर उठविली. महायुद्ध चाललें होतें. दूरच्या गांवीं खेळावयास जाणें म्हणजे आगगाडीचा दोन-दोन दिवसांचा प्रवास. ह्याच्या मोबदल्यांत काय, तर चांदीचा पेला, वर्तमानपत्रांत चार ओळी आणि परतल्यावर आळींतील बायकांचे कुतूहलाचे प्रश्न. द्रव्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण ज्यानें खेळून एक पैसाही घेतला तो खेळाडू स्पर्धांस अपात्र ठरे. हौशी खेळाडू हें पद त्या काळीं ब्रीदासारखें मिरविलें जाई. त्यांत उदात्तता होती हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याच्या घरीं दुसरें उत्पन्न आहे त्यालाच ती उदात्तता परवडे, हेंही तितकेंच खरें.

येथें एक लहानसें विषयांतर क्षम्य व्हावें. फुलाचीं तीं सोळा पिसें हंसाच्या जातीच्या पांखरांचीं असतात, आणि जुन्या रॅकेटच्या ताती जनावरांच्या आंतड्यांच्या असत. सोवळ्याओंवळ्याचा निर्बंध पाळणाऱ्या घरांतून हीं दोन्ही देवघराशेजारच्या खुंटीवर टांगलीं गेलीं आणि कोणाची तक्रार झाली नाहीं. ज्या गोष्टीस घर एकदां मान्यता देतें तिच्यासाठीं शास्त्रार्थ आपोआप सांपडतो, असा आमचा अनुभव आहे.

देवधर भगिनींच्या मागून खेळणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, पण उत्तर तेंच राहिलें. १९५६-५७ सालीं इंग्लंडची जुनी खेळाडू बेटी ऊबर हिनें दिलेल्या करंडकासाठीं स्त्रियांची पहिली जागतिक सांघिक स्पर्धा झाली. आशिया विभाग जिंकून भारताच्या स्त्रिया इंग्लंडांतील लिदम सेंट अ‍ॅन्सपर्यंत पोंचल्या. करंडक अमेरिकेनें नेला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाच्या मुली जगांतील शेवटच्या तीन संघांत होत्या, ही गोष्ट कोणत्याही देशानें पाठ्यपुस्तकांत घातली असती. आदल्याच वर्षीं, १९५६ त, सांगलीस जन्मलेला नंदू नाटेकर मलायांतील सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशीं विजेतेपद मिळविणारा पहिला भारतीय ठरला होता, आणि त्याचें नांव महाराष्ट्रांत घरोघर झालें. तें यथायोग्यच झालें. परंतु त्या स्त्रियांपैकीं एकीचें तरी नांव आपल्या वाचकांतील कितींस सांगतां येईल?

नांवांचाच प्रश्न निघाला आहे तर त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण या खेळाचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास पहिला अडथळा होतो तो नांवांचाच. पुरुष विजेत्यांची यादी वाचतां येते. स्त्रियांची यादी उलगडावी लागते. सुशीला रेगे पुढें कापडिया होतात. मधुमिता गोस्वामी यांच्या बिष्ट होतात. मंजूषा पावनगडकर यांच्या कंवर होतात. वरवर पाहणाऱ्यास दोन खेळाडू दिसतात, एक अस्तास गेलेली व दुसरी अकस्मात् उगवलेली. वस्तुतः बाई एकच, हात तोच, फटका तोच. आमच्या रूढीनें नांव बदलावें ही एक गोष्ट झाली. पण पुष्कळ जणींच्या बाबतींत दुसरें नांव यादींत कधीं आलेंच नाहीं. पहिलें नांव एका वर्षीं थांबलें तें थांबलेंच. लग्नानें थांबलें, बाळंतपणानें थांबलें, कीं "आतां पुरे" या दोन शब्दांनीं थांबलें, हें कोणतीच यादी सांगत नाहीं. बाविसावें-तेविसावें वर्ष हें या खेळांत शरीर पूर्ण भरांत येण्याचें वय, आणि आमच्या घरांत तेंच मुलीचें लग्नाचें वय. जिला खेळापासून एक पैचीही प्राप्ति नाहीं तिनें घरच्यांशीं कोणत्या आधारावर वाद घालावा?

दमयंती तांबे यांची हकीकत या सामान्य नियमांत बसत नाहीं, आणि म्हणूनच ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. दमयंती सुभेदार या नांवानें त्या खेळूं लागल्या, राष्ट्रीय विजेत्या झाल्या, आणि १९७० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. पती विजय वसंत तांबे हे हवाई दलांत फ्लाइट लेफ्टनंट. लग्नास दोन वर्षेंही झालीं नव्हतीं तोंच १९७१ चें युद्ध उभें राहिलें. ५ डिसेंबर रोजीं शोरकोट रोड येथील पाकिस्तानी विमानतळावरील हल्ल्यांत त्यांचें विमान पडलें. ते गेले असें कोणी खात्रीनें सांगेना. ते जिवंत आहेत असेंही सरकारीरीत्या कोणी म्हणेना. परत न आलेल्या चौपन्न भारतीय सैनिकांच्या यादींत त्यांचें नांव राहिलें. दमयंतीबाईंची स्पर्धांतील कारकीर्द त्यानंतर संपली. पुढें त्यांनीं दिल्लीस जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडाविभागांत नोकरी केली आणि सारें आयुष्य पतीच्या शोधांत घालविलें. २००७ सालीं पाकिस्तानांतील तुरुंग पाहावयास गेलेल्या नातलगांच्या मंडळांत त्याही होत्या. नलाच्या शोधांत रानोमाळ हिंडणारी दमयंती आम्हीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकली होती. त्या कथेस शेवट आहे.

त्यांच्या कारकीर्दीविषयीं खेळाच्या दृष्टीनें बोलावयाचें तर एवढेंच दिसतें कीं, ऐन उमेदींत सुटलेली रॅकेट पुन्हां हातीं धरावी असें म्हणणारी कोणतीही व्यवस्था तेव्हां नव्हती. दुःख टाळणें कोणाच्या हातीं नव्हतें. पण खेळ हा पेशा असता तर दुःखांतही मनुष्य जसा कचेरींत जातो तसें कोर्टावर जाणें घडलें असतें कीं काय, असा विचार मनांत येतो.

उत्तर बदलावयास प्रारंभ झाला तो याच सुमारास, आणि तो मुंबईस झाला. अमी घिया यांनीं राष्ट्रीय एकेरीचें विजेतेपद सात वेळां मिळविलें. १९७६ चा अर्जुन पुरस्कार त्यांचा. १९७८ सालीं कॅनडांत एडमंटन येथें भरलेल्या राष्ट्रकुल स्पर्धेंत कंवल ठाकूरसिंग हिच्यासह त्यांनीं दुहेरींत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेंत पुरुषांचें सुवर्णपदक प्रकाश पदुकोण यांस मिळालें व साऱ्या देशाचें लक्ष साहजिकच तिकडे गेलें. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत भारताच्या महिला संघास कांस्यपदक मिळालें, त्याही संघांत अमी घिया होत्या, आणि अमिता कुलकर्णी होत्या. दरम्यान १९७९-८० च्या सुमारास हौशीपणाचें तें जुनें ब्रीद आंतरराष्ट्रीय संस्थेनेंच सोडलें आणि रोख बक्षिसांच्या खुल्या स्पर्धा सुरू झाल्या.

परंतु रोख बक्षिसें हीं जगांतल्या पहिल्या आठ-दहांसाठीं. आमच्याकडील मुलींच्या बाबतींत खरा पालट घडवून आणिला तो बक्षिसांनीं नव्हे, नोकरीनें. रेल्वे, बँका आणि विशेषतः तेलाच्या सरकारी कंपन्या यांनीं खेळाडूंस नोकऱ्या देण्याची पद्धत पाडली. महिन्याच्या महिन्यास पगार, सरावास वेळ, प्रवासास रजा, आणि खेळणें संपल्यावर बसावयास टेबल. आमच्यांतील कांहीं सुशिक्षितांस या पद्धतीविषयीं नाक मुरडण्याची संवय आहे. कचेरीचा पगार घेऊन खेळत हिंडणें हें त्यांस ऐतखाऊपणाचें वाटतें. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. मध्यम वर्गाच्या घरांत "ह्यांत पुढें काय?" या प्रश्नास बापास पटेल असें पहिलें उत्तर मिळालें तें या नेमणुकीच्या कागदावर. पदक कपाटांत राहतें. पगार घरांत येतो, आणि लग्नाच्या बोलण्यांत मुलीच्या बाजूनें बोलतो.

या नव्या व्यवस्थेंत जिची कारकीर्द आरंभापासून अखेरपर्यंत पुरी झाली अशी मुंबईची मुलगी म्हणजे अपर्णा पोपट. जन्म १९७८ चा, घर गुजराती. आठव्या वर्षीं ती अनिल प्रधान या शिक्षकाच्या हाताखालीं आली. १९९४ सालीं, म्हणजे सोळाव्या वर्षीं, मुंबईचें घर सोडून ती बंगलोरला पदुकोण यांच्या प्रबोधिनींत राहावयास गेली. हें वाक्य लिहावयास सोपें आहे. ज्या घरांत सोळा वर्षांची मुलगी आहे त्या घरानें तें वाचून क्षणभर थांबावें. बाकीच्या मुली अकरावीच्या वर्गांत बसल्या असतां ही परगांवीं वसतिगृहांत राहून सकाळ-संध्याकाळ पायांचे तेच ते पवित्रे घोटीत होती. १९९६ सालीं डेन्मार्कमध्यें झालेल्या जागतिक कुमार स्पर्धेंत ती अंतिम सामन्यापर्यंत गेली. १९९८ सालीं क्वालालंपूर येथें राष्ट्रकुल स्पर्धेचें रौप्यपदक, २००२ सालीं मँचेस्टर येथें कांस्यपदक, आणि सिडने व अथेन्स अशीं दोन ऑलिंपिकें.

मध्येंच एक चमत्कारिक संकट आलें. २००० सालीं सर्दीवरची एक साधी गोळी, जी कोणत्याही दुकानांत मिळते व आपणांपैकीं कोणीही विचार न करतां घेतो, ती तिनें घेतली. उत्तेजक द्रव्याच्या तपासणींत त्या गोळींतील औषध सांपडलें आणि तिला तीन महिने खेळण्याची बंदी झाली. खेळ हौस होती तेव्हां पडसें आलें तर आलेंकाढा चालत होता. पेशा झाल्यावर पडशाच्या गोळीचाही हिशेब द्यावा लागतो. बंदी संपली, आणि त्याच वर्षीं ती सिडनेस खेळली.

तिच्या राष्ट्रीय विजेतेपदांची संख्या नऊ, आणि तीं ओळीनें, १९९८ पासून २००६ पर्यंत. नऊ हा आंकडा प्रकाश पदुकोण यांचा. तो तिनें गांठला. मग मनगटाच्या दुखण्यानें २००६ सालीं तिनें स्पर्धांचा निरोप घेतला, आणि पुढील वर्षीं तें विजेतेपद हैदराबादच्या सायना नेहवालकडे गेलें. अपर्णेस इंडियन ऑइलची नोकरी होती. अठ्ठाविसाव्या वर्षीं खेळ संपला तरी आयुष्य उघड्यावर पडलें नाहीं. देवधरांच्या मुलींस जें मिळालें नव्हतें तें हें: खेळ संपण्याचा दिवस शरीरानें ठरविला, घरानें नव्हे.

तिच्या निवृत्तीच्याच वर्षीं आणखी एक गोष्ट घडली, तिची दखल फारच थोड्यांनीं घेतली. तोंवर स्त्रियांची एकेरी अकरा गुणांची असे व पुरुषांची पंधरांची. बायकांच्या दमास अकरा पुरे, असा शंभर वर्षांपूर्वींचा हिशेब. २००६ सालीं नवी पद्धत आली आणि सर्वांस एकवीस गुण सारखे झाले. पण जुनी खोड एकदम जात नाहीं. २०११ सालीं जागतिक संस्थेनेंच असा विचार काढला कीं, प्रेक्षकांस आकर्षण वाटावें म्हणून स्त्रियांनीं झगाच घालून खेळावें. गिल्ला झाला, आणि दुसऱ्या वर्षीं तो विचार सोडून द्यावा लागला. मुलींनीं काय नेसून खेळावें यावर पुण्याच्या ओट्यांवर जे वाद झाले असतील त्यांस आम्ही हंसतों. परंतु ओटा कधीं कधीं फार मोठ्या शहरांतही असतो.

आतां पुन्हां पुण्याकडे येऊं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बालेवाडीस मोठें क्रीडासंकुल उभें राहिलें. २००८ सालीं पुण्यास राष्ट्रकुल युवक स्पर्धा झाल्या, आणि त्याच वर्षीं बॅडमिंटनची जागतिक कुमार स्पर्धाही. तींत सायना नेहवालनें मुलींचें विजेतेपद मिळविलें. असें करणारी ती पहिली भारतीय. जें नांव एके काळीं या खेळास होतें त्याच गांवीं, सुमारें एकशें पस्तीस वर्षांनीं, एका भारतीय मुलीनें जगांतील मुलींस हरविलें. पुढें ती २०१२ सालीं लंडनहून ऑलिंपिकचें कांस्यपदक घेऊन आली, आणि पी. व्ही. सिंधूनें २०१६ सालीं रिओहून रौप्यपदक आणिलें. तेव्हांपासून आमच्याकडील आईबापांचा प्रश्न थोडा बदलला आहे. "पुढें काय?" याऐवजीं "आमची मुलगी सिंधू होईल का?" असें विचारलें जातें, आणि आम्हांस हा नवा प्रश्न जुन्याहून अधिक घातक वाटतो.

कारण सिंधू एखादी होते. खेळाचा पेशा ज्यांच्या आधारावर उभा असतो त्या निराळ्याच. पुण्याची तृप्ती मुरगुंडे २००६ सालीं मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत कांस्यपदक मिळविणाऱ्या मिश्र संघांत होती. पुण्याचीच अदिती मुटाटकर २०१० सालीं दिल्लीस रौप्यपदक मिळविणाऱ्या संघांत होती. मंजूषा कंवर यांनीं वर्षानुवर्षें राष्ट्रीय पातळी गाजविली. तृप्तीस २०२० सालीं व मंजूषाबाईंस २०२३ सालीं ध्यानचंद पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार २०२३ पर्यंत दिला जाई व तो दीर्घ सेवेबद्दल असे, म्हणजे जिचा गाजावाजा झाला नाहीं पण जी टिकून राहिली तिच्यासाठीं. त्या वर्षांच्या मोठ्या मथळ्यांत दुसरींच नांवें होतीं. परंतु पेठच्या आजोबांच्या प्रश्नास खरें उत्तर या नांवांत आहे असें आम्हांस वाटतें. पहिल्या क्रमांकाच्या मागें दहावा, वीसावा, पन्नासावा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकांवर मुलगी पंधरा वर्षें सन्मानानें राहूं शकते कीं नाहीं यावर तो खेळ पेशा आहे कीं सोडत आहे हें ठरतें. आज ती राहूं शकते. मात्र तिला कोणी तरी नोकरी दिली पाहिजे, आणि तत्पूर्वीं दहा वर्षें घरानें खर्च सोसला पाहिजे. पिसांचें फूल चांगल्या हातांत फार वेळ टिकत नाहीं, आणि खेळ जितका चांगला तितकीं फुलें अधिक मोडतात. हा खर्च अजून घराचाच आहे. आणि छप्पर अजून शहराचेंच आहे.

मध्यंतरीं कामानिमित्त आम्हांस पुन्हां त्या वाटेनें जावें लागलें, तेव्हां मुद्दाम पेठेस थांबलों. आजोबांस हें सारें सांगावयास बसलों. देवधरांच्या मुलींचें त्यांनीं लक्ष देऊन ऐकलें, दमयंतीबाईंचें ऐकून कांहीं वेळ बोलले नाहींत, आणि नोकरीचें ऐकल्यावर विचारलें, "मंग ह्या शिकायच्या कुठं?" आम्हीं पुण्याचें नांव घेतलें. "रोज?" असें ते म्हणाले. अंगणांत मुली वारा पडण्याची वाट पाहत उभ्या होत्या. धाकटीनें फूल मुठींत धरलें होतें. तें पिसांचें नव्हतें, प्लास्टिकचें होतें, आणि त्याची एक कड मोडलेली होती. थोड्या वेळानें गोठ्यावरचा पत्रा वाजावयाचा थांबला, तशी थोरली दोरीपलीकडे जाऊन उभी राहिली.